अकरा नंबरची टोपी

कारखान्यात मला सगळे शिट्टी म्हणतात. गळ्यात शिट्टी असते म्हणून, आणि तोंडही तसंच आहे म्हणून. सुरक्षेचं काम बघणाऱ्या बाईने गोड बोलायचं ठरवलं, तर लोक हेल्मेट उलटं करून त्यात शेंगदाणे ठेवतात. मी स्वतः पाहिलंय.

आमच्याकडे लाकडी टेबलं-खुर्च्या बनतात. म्हणजे भुसा आला. दर शनिवारी दुपारी हवेच्या पाइपने छतापासून सफाई होते, आणि तेवढ्या वेळेपुरत्या छताच्या सोळा धूर-डिटेक्टरांना प्लास्टिकच्या टोप्या घालतात. नाहीतर भुशालाच धूर समजून ते बोंब मारतात. सफाई संपली की टोप्या काढून दाराजवळच्या फळीवर आपापल्या नंबरच्या खिळ्याला लावायच्या. सोळा खिळे, सोळा टोप्या. मी मोजते, वहीत सही करते, मग काम सुरू होतं. ही पद्धत माझीच, आणि मला तिचा जरा जास्तच अभिमान होता.

अकरा नंबर म्हणजे पॉलिशची खोली. तिथे माझा थोरला भाऊ एकटा बसतो. त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. पण दोन वर्षांपूर्वी तापातून उठला तो वास गमावूनच. दूध करपो नाहीतर कपडा जळो, दादाला पत्ता नसतो. हे फक्त वहिनीला आणि मला ठाऊक होतं. कारखान्यात कळलं तर पॉलिशवरून काढतील, म्हणून त्याने मला गप्प बसवलं, आणि मी बसले. जगाला नियम सांगणारी मी, घरचं माणूस आलं की मूग गिळून बसले. मनाची समजूत एवढीच घातली होती की त्याच्या डोक्यावर अकरा नंबर आहे. नाक नसलं तरी तो आहे.

त्या शनिवारीही मी सोळा टोप्या मोजल्या, सही केली आणि चहाला निघाले. जाता जाता सहज फळीवरच्या टोप्यांवरून बोट फिरवलं. बोट भुशाने पिवळं झालं. प्रत्येक टोपीवर बोटाची रेघ उमटली होती. अकरा नंबरवर मात्र काहीच नाही. ती स्वच्छ होती, धुतल्यासारखी.

मी तिथेच थांबले. ही टोपी आज कुणी घातलीच नव्हती. मग सफाईत अकरा नंबर वाजायला हवा होता, आणि तो वाजला नव्हता. म्हणजे त्याला दुसरंच काहीतरी बांधलं होतं आणि कदाचित ते अजून तसंच होतं. चहा राहिला बाजूला, मी पॉलिशच्या खोलीकडे धावले.

दादा दाराकडे तोंड करून मोठ्या टेबलावर पॉलिशचा हात फिरवत होता. वर पाहिलं तर डिटेक्टरला पातळ पिशवी, रबराने घट्ट बांधलेली. मी काही बोलायच्या आत त्यानेच शांतपणे सांगितलं, की टोपी झटका देऊन काढावी लागते आणि सगळा भुसा ओल्या पॉलिशवर पडतो, म्हणून गेले तीन शनिवार तो पिशवी बांधतो आणि पॉलिश सुकलं की काढतो. टोपी खिळ्याला लावून ठेवतो, म्हणजे माझा हिशेब चुकत नाही आणि माझी कटकट होत नाही.

म्हणजे गेले तीन शनिवार, पॉलिश सुकेपर्यंत, माझ्या भावाला ना नाक होतं ना डिटेक्टर. आणि वहीत माझी सही होती.

मी स्टुलावर चढून पिशवी ओरबाडली. भुसा टेबलावर पडला. दादाने कपाळाला हात लावला आणि दोन दिवसांची मेहनत मातीत घातल्याबद्दल मला चार शब्द सुनावले. तेवढ्यात अकरा नंबर वाजायला लागला.

"बघ, तुझ्या भुशानेच वाजवलं," दादा म्हणाला.

मलाही तेच वाटलं. खोलीत पॉलिशचा वास इतका कोंदलेला असतो की माझ्या नाकालाही दुसरं काही कळत नाही. मी स्टुलावरून उतरायला वळले आणि त्याच्या पाठीमागचं खोकं दिसलं. तेलाने भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या लोखंडी पिंपात टाकायच्या असतात. त्या ढिगाने पडल्या तर आतल्या आत तापत जातात आणि काडी न लावता पेटतात. आज सफाईसाठी पिंप बाहेर नेलं होतं आणि दादाने चिंध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकल्या होत्या. खोक्यातून सुतासारखा धूर निघत होता. शेजारी झटकन पेट घेणाऱ्या थिनरचे सहा डबे होते.

"दादा, बाहेर हो."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं आणि निघाला. मी शिट्टी फुंकली, भिंतीवरचा आग विझवायचा सिलिंडर काढून खोक्यावर रिकामा केला. कारखान्याच्या आगीच्या तुकडीतले दोघे आले, फावड्याने खोकं उचलून अंगणातल्या पाण्याच्या टाकीत बुडवलं. चिंध्या उलगडल्या तेव्हा आतल्या काळ्या झाल्या होत्या आणि मधली एक अजून लाल होती. आणखी पाच-दहा मिनिटं, एवढंच.

शिट्टी ऐकून सगळे फाटकाशी जमले होते, तिथे मी माणसं मोजली. बेचाळीस, म्हणजे सगळे. बेचाळिसावा दादा होता. तो आकडा तोंडातून निघाला आणि मी सरळ जमिनीवर बसले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

कारखान्याचे साहेब आले. मी सगळं सांगायला तोंड उघडलं, पण दादा पुढे झाला.

"साहेब, मला वास येत नाही. दोन वर्षं झाली. हिला मीच गप्प बसवलं होतं."

साहेबांनी विचारलं, "आणि त्या खोलीत तू एकटा बसतोस?"

दादाने होकारार्थी मान हलवली. त्याला काढलं नाही. सोमवारपासून पॉलिशच्या खोलीत दोघे बसणार, पिंप हलवायचं नाही, आणि टोपी काढेपर्यंत ओलं काम उघडं ठेवायचं नाही, असं ठरलं. मला लेखी ताकीद मिळाली. मिळायलाच हवी होती. आता मी फळीवरच्या टोप्या मोजते आणि नंतर मान वर करून छतही मोजते.

संध्याकाळी दादाकडे गेले. वहिनी गॅसवर दूध ठेवून आमच्यात येऊन बसली, दोघांना आलटून पालटून झापत. मध्येच मला वास आला. मी उठून गॅस बंद केला.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"काही नाही. दूध करपलं."

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं, हसायला लागली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. दादा गोंधळून आमच्या दोघींकडे बघत राहिला. मग त्याने करपलेलंच दूध मागितलं आणि पेलाभर प्यायला.