बटण सोडल्यावरचा आवाज

मी एक जुना वॉकीटॉकी आहे. बांधकामावर मला नुसतं 'सेट' म्हणायचे. आता माझ्या पोटाला चिकटपट्टी आहे आणि मुक्काम सामानाच्या खोलीतल्या खणात आहे. म्हातारपणी आठवणी गोड करून सांगायची रीत असते. मला ते जमणार नाही, मित्रांनो. माझा विश्वासघात झाला, आणि तो एकट्या माझा झाला नाही.

कारखान्यात आम्ही जोडीने जन्मलो. एकाच्या तोंडचा शब्द दुसऱ्याच्या कानात, एवढंच आमचं नातं. माझा भाऊ क्रेनच्या उंच केबिनमध्ये गेला. मी खाली मुकादमबाईंच्या हातात राहिलो. क्रेनवाल्याला बाई दादा म्हणत. तो काही सख्खा भाऊ नव्हता, पण बाई नवख्या होत्या तेव्हा त्यानेच त्यांना काम शिकवलं होतं. डब्यातली भाजीसुद्धा दोघं वाटून खात.

आमच्या कामाची रीत ऐका. भिंतीपलीकडे ओझं उतरवायचं असलं की क्रेनवाल्याला ते दिसत नाही. मग खालचा माणूस त्याचे डोळे होतो. "येऊ दे, येऊ दे, थोडं डावीकडे, येऊ दे..." हे बोलणं अखंड चालू ठेवायचं. आवाज थांबला की वरचा हात थांबलाच पाहिजे. बाईंचा आवाज शांत आणि सरळ. दादाने ओझं चुकून भलतीकडे नेलं, तरी त्या एवढंच म्हणत, "थांब. आता थोडं मागे. बरोबर." साहेब म्हणायचे, "बाई बोलताहेत ना, मग मी चहा प्यायला मोकळा." माझी छाती फुगायची.

पण बाईंचा आणखी एक आवाज होता, आणि तो फक्त मला माहीत होता. बटण सोडलं की बोलणं वर जात नाही; तेव्हा तो सुरू व्हायचा. "गाढव कुठली! एवढंही कळत नाही? तुला मुकादम कोणी केलं?" काम छान झालं तरी म्हणायच्या, "आज नशिबाने वाचलीस." सगळ्यांशी मऊ बोलणारी ही बाई स्वतःशी मात्र सावत्रपणाने वागायची. मला वाईट वाटायचं. पण मी कोणाला सांगणार?

मग सिमेंटची भुकटी माझ्या बटणात शिरली. दाबलेलं बटण कधीकधी वर येईना. असं झालं की खालचं सगळं वर ऐकू जातं, वरचं मात्र खाली येत नाही. त्यासाठी आमच्यात पक्का नियम होता. कोणाचा सेट असा उघडा राहिला, तर क्रेनवाल्याने भोंगा वाजवून त्याला सावध करायचं. मी भोंग्याची वाट पाहिली. सोमवारी तो वाजला नाही. मंगळवारीही नाही. दादा वर बसून सगळं ऐकत होता.

बुधवारी बाई हात धुऊन जेवणाच्या खोलीपाशी आल्या, तर आतून त्यांचेच शब्द ऐकू आले. "गाढव कुठली! तुला मुकादम कोणी केलं?" दादा आवाज बारीक करून नक्कल करत होता आणि माणसं पोट धरून हसत होती. ते शब्द वर पोचवले होते माझ्या भावाने. सख्खा भाऊ पक्का वैरी म्हणतात, ते मला त्या दिवशी पटलं. बाई दारात दिसल्या तसं हसणं थांबलं.

"अगं, गंमत चालली होती," दादा म्हणाला. "बस ना."

बाई बसल्या नाहीत. बाहेर येऊन त्यांनी मला विटांच्या ढिगावर आपटलं. "या डबड्याने माझी अब्रू घालवली," म्हणाल्या. माझं पोट फुटलं ते तेव्हा. चोर सोडून संन्याशाला फाशी!

गोष्ट साहेबांपर्यंत गेलीच. ते म्हणाले, "बाई, तुमचाच तुमच्यावर भरवसा नाही, मग माणसांनी कसा ठेवायचा? दुपारी पाण्याची टाकी मागच्या बाजूला उतरवायची आहे. नीट उतरली तर ठीक. नाहीतर उद्यापासून दादा मुकादम."

दादा शेजारीच उभा होता. त्याने मान खाली घातली, पण नको म्हणाला नाही. त्याला ती जागा कधीपासून हवी होती, हे बाईंना तेव्हा कळलं.

दुसरा सेट नव्हता. बाईंनी माझं बटण पुसून साफ केलं, मला चिकटपट्टी लावली आणि त्या भिंतीपलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. टाकी भिंतीवरून आली आणि वारा सुटला. टाकी झुलायला लागली. तिला धरून बसवायला दोन माणसं खालीच उभी होती. बाईंच्या तोंडून शब्द फुटेना. नियमाप्रमाणे क्रेन थांबली आणि टाकी अधांतरी राहिली. माझं बटण सुटलं, आणि तो दुसरा आवाज आला.

"गाढव कुठली. म्हटलं होतं ना, तुला..."

वाक्य अर्धंच राहिलं. वर बसलेल्या माणसाने त्यांचा केसाने गळा कापला होता, तरी त्याला त्या आज एक वाकडा शब्द बोलल्या नव्हत्या. घाबरलेल्या हाताकडून ओझं उतरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मग स्वतःलाच का घाबरवायचं?

"थांब," बाई हळूच म्हणाल्या. "श्वास घे. आधी माणसं बाजूला काढ. मग टाकी. येतं तुला हे."

बटण दाबलेलं नव्हतं. दादासाठी राखलेला तो आवाज बाईंनी पहिल्यांदाच स्वतःसाठी वापरला. मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो, मित्रांनो.

बाईंनी हाताने खूण केली तशी माणसं बाजूला झाली. बाईंनी वारा पडू दिला आणि मग बटण दाबलं. "क्रेन, ऐक. येऊ दे, येऊ दे, थोडं उजवीकडे, येऊ दे..." टाकी चौथऱ्यावर अलगद बसली.

संध्याकाळी दादा खाली उतरला. "मनावर घेऊ नकोस गं. चेष्टाच केली."

"चेष्टा कळली. भोंगा का नाही वाजवलास, तेवढं सांग."

दादा बराच वेळ हातमोजे काढत राहिला.

बाई मुकादम राहिल्या. दोघांनी पुढेही एकत्र काम केलं. जुना आवाज बाईंना अधूनमधून गाठायचाच. मग त्या मध्येच थांबत आणि वाक्य नव्याने सुरू करत, "हे चुकलं. उद्या असं कर." 'दादा' हा शब्द मात्र माझ्यातून पुन्हा कधी वर गेला नाही.

पुढे नवे सेट आले. मला खणात ठेवताना बाई माफी मागतील असं वाटलं होतं. त्यांनी मागितली नाही. तेही मी पोटात घातलं.

मित्रांनो, रागाच्या भरात मुक्या वस्तूंना आपटू नका, त्यांनाही लागतं. उद्या तुम्ही वर्गाचे, संघाचे, घराचे पुढारी व्हाल. तुमच्यावर हसणारे भेटतील, आणि त्यांतल्या काहींनी तुमच्याच डब्यातलं खाल्लेलं असेल. त्याला तुमचा इलाज नाही. पण सगळे फिरतील त्या दिवशी, निदान तुम्ही तरी स्वतःवर उलटू नका.