सोनवळ जिल्ह्याचा फळा

मी एक जुना गुंडाळी फळा आहे. तुमच्या वर्गातल्या भिंतीवरच्या फळ्याएवढा मी मोठा नाही. काळ्या रेक्झिनचा एक तुकडा, वरखाली दोन लाकडी दांड्या आणि टांगायला सुतळी, एवढाच माझा संसार. खालच्या दांडीला एक चीर आहे. ती कशी पडली ते पुढं येईलच.

नांदेडच्या एका दुकानातून उमादेवीनं मला घेतलं, तेव्हा ती विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकत होती. एरवी माझ्यावर गणितं असायची, पण रविवारी वसतिगृहातल्या मुली माझ्यासमोर गोल करून बसायच्या. एकीनं एक दुनिया रचायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, आणि पुढं काय होणार ते अडलं की फासे टाकायचे, असा त्यांचा खेळ होता. दुनिया रचण्यात उमाचा हात धरणारं कुणी नव्हतं. खेळ संपला की ती मला ओल्या फडक्यानं पुसायची आणि मी लख्ख व्हायचो. मैत्रिणी म्हणायच्या, "उमे, फळा आहे की आरसा गं!" मित्रांनो, कौतुक कुणाला नको असतं?

पुढं उमाचं लग्न झालं आणि मी उदगीरच्या घरी माळ्यावर गेलो, गाद्यांच्या मागं. खालची बोलणी वर ऐकू यायची. उदगीर जिल्हा होणार, पुढच्या वर्षी होणार, आता तर पक्कंच होणार. जिल्हा काही झाला नाही आणि मलाही कुणी खाली काढलं नाही. कोळ्यानं माझ्या सुतळीवर घर केलं.

मग उमाच्या नवऱ्याची, माणिकप्पांची, नोकरी लातूरला गेली. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते हे वर्ष. सामानाबरोबर मीही आलो, आणि इथंही माळ्यावरच गेलो. त्यांची लेक सिद्धी नऊ वर्षांची. आजीचं सिद्धम्मा हे नाव तिला ठेवलेलं. सिद्धी आली, पण तिचं बोलणं उदगीरलाच राहिलं. वर्गात हजेरीला ती नुसता हात वर करायची. बाई उमाला म्हणाल्या, "सुट्टीत गल्लीतल्या लेकरांत सोडा तिला. न्हाई तर जूनमध्येबी असंच." त्या दिवसापासून उमाच्या जिवाला घोर लागला. खिडकीशी उभी राहून ती बाहेरची लेकरं बघायची, आणि मग दाराआड बसलेली आपली लेक.

एके दुपारी तिनं मला माळ्यावरून काढलं, झटकलं आणि माझ्यावर एक नवा जिल्हा काढला. सोनवळ. खरा कुठंच नाही. सिद्धी तिथली तहसीलदार झाली. आणि काय सांगू, त्या मुक्या पोरीला कंठ फुटला! "धरणाचा दरवाजा उघडा! मी सांगतेय!" असं ती ओरडायची. रोज जिल्हा वाढत गेला. नद्या आल्या, तालुके आले, दोन घराण्यांचं वैर आलं. पुसायला पाणी कुठलं? उमा कोरड्या फडक्यानं पुसायची. पुसलेलं पुरतं जायचं नाही, जुन्या रेघा राखेसारख्या खाली दिसत राहायच्या. मी कळकट झालो, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

एकच उणं होतं. त्या जिल्ह्यात माणसं दोनच, आई आणि लेक.

गल्लीत टँकर येणार असला की सकाळपासून घागरींची रांग लागायची. घागर ठेवली की नंबर लागला, मग माणूस घरी जाऊन आला तरी चालतं. लेकरं मोकळीच असायची. उमानं मला फाटकाच्या गजांना टांगलं आणि हाक मारली, "या रे, खेळायला माणसं पाहिजेत!"

गल्लीतला व्यंकट आला, त्याच्यामागं बसू नावाची पोरगी आली, आणखी दोघं आले. उमानं सांगायला सुरुवात केली. सोनवळ कुणी वसवलं, सात तालुके कुठले, कोणत्या नदीला कोणती नदी मिळते.

"काकू, म्या कोण व्हायचं?" व्यंकटनं विचारलं.

"थांब, आधी इतिहास ऐक, मग मजा येईल. तू पाणीपुरवठ्याचा साहेब. वय पंचावन्न. तुझं सावकाराशी वैर, आणि तुझा गुडघा दुखतो."

"माझा गुडघा कुठं दुखायलाय?"

"खेळात दुखतो रे!"

बसूनं हळूच विचारलं, "काकू, ह्याची परीक्षा हाय का?"

सगळी फिदीफिदी हसली आणि एकेक करत सटकली. जाता जाता व्यंकट लंगडत चालून दाखवत होता. दाराच्या फटीतून सिद्धीनं ते सगळं पाहिलं. संध्याकाळी उमानं फासे काढले तर तिनं मान हलवली. आता ती सोनवळातही बोलेना.

माणिकप्पांनी जेवताना ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, सोयरिकीला गेल्यावर तरी सात पिढ्या एकदम सांगतेत का? आधी पाणी देतेत, पोहे देतेत, मग हळूहळू निघतं एकेक."

उमा ओशाळली. भिऊन माणूस दुसरं टोक गाठतो. पुढच्या वेळी तिनं मला पूर्ण पुसून टांगलं आणि म्हणाली, "या, काय पाहिजे ते व्हा. काही ठरलेलं नाही."

"पण खेळायचं काय?" व्यंकट म्हणाला.

"तुम्हीच ठरवा."

त्यांनी ठरवलं. मला भिंतीला टेकवून त्यांनी माझ्यावर तीन स्टंप काढले. पहिलाच चेंडू खालच्या दांडीवर बसला. मित्रांनो, चीर पडली ती तेव्हा.

उमानं मला उचललं, दांडी चाचपली आणि पायरीवर तशीच बसून राहिली. तेवढ्यात रांगेत गलका झाला. कुणीतरी केवळाबाईंची घागर पायानं सरकवून आपली पुढं घातली होती. केवळाबाई म्हणजे व्यंकटची आजी. त्या कडाडल्या, "ए बाबा! घागर रिकामी हाय म्हून जागा रिकामी न्हाई! ती माझी जागा हाय!"

उमा त्या रांगेकडं बघत राहिली. रिकाम्या घागरी, आणि प्रत्येक घागर कुणाची ना कुणाची. भरली की घागर घरी जाते, मग तिला रांगेत जागा कशाला?

तिनं खडू घेतला. एक धरण काढलं, त्याच्या भिंतीला एक भगदाड. खाली लिहिलं, 'सोनवळ कालच नवा जिल्हा झाला. आज सकाळी धरण रिकामं सापडलं.' आणि त्याखाली ओळीनं चार घागरी काढल्या, आत काहीच न लिहिता. मला पुन्हा फाटकावर टांगलं आणि या वेळी कुणालाच हाक न मारता ती तांदूळ निवडत बसली.

व्यंकट आला. वाचलं. "ह्या घागरी कुणाच्या?"

"ज्यानं नंबर लावला त्याच्या."

त्यानं खडू उचलून पहिल्या घागरीत आपलं नाव घातलं. "मी टँकरवाला. पण माझा टँकर पंक्चर हाय."

"मग मी पंक्चरवाली," बसू म्हणाली, "पण उधार न्हाई!"

"काकू, धरण फोडलं कुणी?" व्यंकटनं विचारलं.

उमाचं तोंड उघडलं. सात तालुके, दोन घराणी, सगळं तिच्या ओठावर आलं होतं, मला दिसत होतं. तिनं ते गिळलं आणि पुन्हा तांदळाकडं पाहिलं. "मला नाही बाबा माहीत."

"मग कुणाला माहीत हाय?"

आणि मग दार करकरलं.

"मला माहीत आहे," सिद्धी म्हणाली. आवाज बारीक होता, पण गल्लीत होता. "मी तहसीलदार आहे. पण आधी फासे टाक."

व्यंकटनं फासे टाकले. सहा पडले. सिद्धीनं त्याला एकच गोष्ट सांगितली, एवढीशी, आणि तो ओरडला, "आयला! मग पुढं?" तिसऱ्या घागरीत तिनं आपलं नाव लिहिलं. ताटातले तांदूळ उमाला एकदम धूसर दिसू लागले.

चौथी घागर त्या दिवशी तशीच राहिली. ती कुणी पुसली नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी येऊन तिच्यात आपलं नाव घातलं.

पुढं पाऊस आला, नळाला पाणी आलं, तरी मला अजून कोरड्या फडक्यानंच पुसतात. सिद्धीचं म्हणणं, खालच्या रेघा राहू द्याव्यात. कुणी विचारलं तर त्यांची गोष्ट सांगता येते.

मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर माझ्यासारखा कुणी असेल. त्याला खाली काढा. घडी घालू नका, गुंडाळून ठेवा, घडीनं आमची पाठ मोडते. त्याच्यावर मनाजोगती दुनिया काढा. फक्त खडू खाली ठेवण्याआधी एकदा बघा, येणाऱ्याला घागर ठेवायला जागा उरली आहे का.