हातातलं वजन

कंपाउंडरकाकांनी बियांची पुडी बांधली ती जुन्या सवयीने, औषधाच्या पुडीसारखी, चार घड्या घालून. 'दिवसातून तीनदा, जेवणानंतर' एवढंच म्हणायचं राहिलं.

"टोमॅटोच्या शंभर बिया आहेत. आजपासून पाचव्या रविवारी मी तुमच्या घरी येईन. स्वतः वाढवलेली पन्नास रोपं दाखवा, अर्धा एकर पाच वर्षांच्या कराराने तुमचा. नाहीतर जमीन मागायला गोदामवाला दारात बसलेलाच आहे."

दवाखान्यातली नोकरी संपल्यावर काकांनी शहराबाहेरची ती जमीन पंधरा वर्षं एकट्याने कसली. आता गुडघे वाकत नव्हते. मी आणि नवरा लग्नाआधीपासून सुट्टीच्या दिवशी जमिनी बघत हिंडायचो. बाकीची जोडपी सिनेमे बघतात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी 'देतो' म्हणालं होतं.

काकांनी माझ्या खांद्याकडे पाहिलं. तिथे तीन आठवड्यांची फुगी लाळ गाळत झोपली होती. "राहता तिसऱ्या मजल्यावर, मूल अंगावर पितंय. जमेल?"

"जमेल," मी म्हणाले. नवऱ्याच्या आधी म्हणाले.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. माझ्या बाळंतपणासाठी राहायला आलेल्या सासूबाई हा विनोद रोज तिसऱ्या जिन्यावर न चुकता ऐकवतात. त्या दिवशी काकांच्या शेतातल्या मातीची गोणी पाठीवर घेऊन नवरा वर आला, तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या.

"लोक घरातली माती बाहेर काढतात. माझा लेक आत आणतोय."

"आई, सरक जरा. कंबर मोडेल."

"मोडू दे. मग शेती कशी करतोस बघतेच."

त्याने कामावरून चहाचे वापरलेले कागदी कप आणले होते. सासूबाईंनीच सुई तापवून कपांना बुडाशी भोकं पाडली, तोंडाने "खूळ आहे सगळं" म्हणत. शंभरातल्या पन्नास बिया लावल्या, पन्नास पुडीत ठेवल्या. कप खिडकीत मांडले. वर दोरीवर फुगीचे लंगोट.

लिफ्टच्या मोटरच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता असतो म्हणे. काम केलं की खूण करायची. नवऱ्याने तसाच तक्ता फ्रिजवर चिकटवला. डावीकडे 'फुगी – दूध', उजवीकडे 'रोपं – पाणी'. जो करेल त्याने खूण करायची, म्हणजे कुणाचा घोळ नको.

सातव्या दिवशी कोंब आले. वाकलेल्या मानेने वर येऊन मग सरळ होतात. मी फुगीला खिडकीशी नेऊन दाखवले. ती शिंकली.

तेराव्या दिवशी सकाळी रोपं आडवी पडलेली होती. मातीलगत देठ काळे, मऊ. नऊ उभी होती.

नवरा कामाचे बूट घालून खिडकीशी नुसता उभा राहिला. "एवढी काळजी घेतली आपण."

त्याच दुपारी बाळाचं वजन करायला नर्सबाई आल्या. फुगीला झोळीत घालून काटा उचलला, आकडा लिहिला आणि त्यांची नजर फ्रिजकडे गेली.

"काल बारा वेळा प्यायली? वजन तर तसं म्हणत नाही."

"बारा कुठली," सासूबाई म्हणाल्या, "आठ-नऊदा घेतलं असेल."

मी तक्त्यापाशी गेले. डाव्या रकान्यात खुणांची गर्दी, उजवा जवळजवळ कोरा. अर्धवट झोपेत मी पाणी घालायची आणि हाताच्या सवयीने डावीकडे, फुगीच्या नावावर खूण करून मोकळी व्हायची. माझ्यामागून सासूबाई कोरा रकाना बघून पाणी घालायच्या. चष्मा सापडत नाही म्हणून त्या खूण करायच्याच नाहीत. कामावरून आलेला नवरा कोरा रकाना बघून परत घालायचा, आणि सकाळी आठवलं तर खूण करायचा. बाळाला जास्त झालं की ते ओकून मोकळं होतं. रोपं बिचारी देतील तेवढं पीत राहिली.

मला एकदम रडू आलं. नर्सबाईंना वाटलं, वजनाचं मनाला लागलं.

"अहो, मूल छान आहे! फक्त तो कागद काढून टाका. तिच्याकडे बघा. हातात घेतलं की कळत नाही का तुम्हाला, भूक आहे की पोट भरलंय?"

कळत होतं. प्यायल्यानंतर ती हातात वेगळीच लागायची, खाली ओढणारी, निवांत. मी खिडकीशी जाऊन एक कप उचलला. कपही तसाच जड होता.

संध्याकाळी नवरा हळू आवाजात म्हणाला, "ऐक ना. नर्सरीतून पन्नास रोपं आणू. काकांना काय कळणार?"

"आणि शेतावर काय करायचं? नर्सरी खिशात घेऊन फिरायचं? पुडीत पन्नास बिया आहेत अजून."

"दिवस कमी आहेत गं. लहान राहतील."

"राहू देत. आजपासून पाणी मी एकटी घालणार. कप उचलून बघितल्याशिवाय कुणी थेंब घालायचा नाही. आई, तुम्हीसुद्धा."

"मी काय केलं? दया आली म्हणून घातलं."

"दया आली की फुगीला घ्या."

सासूबाई खुदकन हसल्या आणि फ्रिजवरचा तक्ता त्यांनीच ओढून काढला.

उरलेल्या पन्नास बिया लावल्या आणि पुढचे बावीस दिवस मी फुगीला एका हातावर घेऊन दुसऱ्या हाताने कप उचलत होते. आधी सगळे सारखेच वाटायचे. मग चुकत चुकत हात शिकला. कडेचे लवकर हलके होतात, लंगोटांखालचे उशिरा. वरून कोरडी दिसणारी माती आत ओली असते. नवरा यायचा, हात मागे बांधून कपांकडे बघायचा आणि विचारायचा, "यांचं झालं? तिचं झालं? तुझं जेवण झालं?" तिसऱ्याचं उत्तर बहुतेक 'नाही' असायचं. मग तो ताट वाढायचा.

रविवारी काका एकेक पायरी चढून वर आले. पाणी प्यायले, मग खिडकीशी गेले. नऊ रोपं वीतभर, बाकीची बोटाएवढी.

"किती?"

"सत्तेचाळीस," मी म्हणाले. "पहिल्या खेपेची नऊच वाचली, बाकी जास्त पाण्याने मेली. चूक माझी. ही लहान दुसऱ्या खेपेची. लावणीला अजून दोन आठवडे लागतील."

"मी पन्नास म्हणालो होतो."

"हो."

नवऱ्याने फुगीला माझ्याकडून घेतलं. काकांनी एका कपात बोट टेकवलं. "कोरडा पडलाय हा. घाला पाणी."

मी कप उचलला. "नको. आत ओल आहे. उद्या सकाळी लागेल." शेजारचा उचलला. "याला मात्र आत्ता हवं."

काकांनी दोन्ही कप हातात घेतले, डोळे मिटून तोलले. मग ठेवले. तिसरा उचलून माझ्याकडे दिला, मग चौथा, पाचवा. मी सांगत गेले. काका पुढचा कप देत राहिले. सासूबाईंना राहवेना. "अहो, बोला तरी. परीक्षेचा निकालसुद्धा एवढा वेळ घेत नाही."

"मला हे कळायला दोन हंगाम गेले," काका म्हणाले. "दोन आठवडे थांबतो. तोवर या रोपांना रोज थोडं ऊन दाखवा, एकदम नको. गोदामवाल्याला सांगतो, दुसरीकडे बघ म्हणून."

नवऱ्याने फुगीला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली.

"तिथे जिना नाही ना?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग मीही येते. पण पाणी घालायचं काम नको."

फुगी अजून रडत होती. मी तिला हातात घेतलं. हलकी होती. कपांना पाच मिनिटं थांबावं लागलं.