मयूराचं स्वागत होणारच

ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने खेळाडू निवडताना, गुंगालिनच्या क्लबने मयूरा देवस्थळीचं नाव घेतलं, तेव्हा पद्माच्या हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. रविवारची दुपार होती, हीटर चालू होता, सोफ्यावर, कार्पेटवर, जिन्याच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती आणि सगळ्यांच्या गळ्यात क्लबचे लाल-राखाडी मफलर होते. आधीच्या दोन नावांना घर दणाणलं होतं. या नावाला मात्र सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"घेतली?" शैलेंद्र म्हणाला. "खरंच घेतली?"

"घेतली," पद्मा म्हणाली, आणि एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

पद्मा मूळची मुलुंडची. कॅनबेराला युनिव्हर्सिटीत शिकायला आली आणि इथलीच झाली. एका सरकारी खात्यात सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. तिच्या मुलीने, ईशानीने, हौस म्हणून ग्रिडआयर्न खेळायला सुरुवात केली, तेव्हा ती फक्त गाडी चालवायला ग्राउंडवर जायची. ग्रिडआयर्न म्हणजे अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट, खांद्यावर पॅड आणि धडकाधडकी. इथे फुटबॉलच्या प्रत्येक प्रकाराला फूटीच म्हणतात, त्यामुळे ऑफिसात कुणाला सांगितलं तर ते आधी विचारायचे, "कुठली फूटी?" आणि उत्तर ऐकून विषय बदलायचे. ईशानी एका सीझननंतर मेलबर्नला निघून गेली. मुलगी गेली, आई राहिली. बायकांची लीग सुरू झाली आणि गुंगालिनची, कॅनबेराच्या या उपनगराची, स्वतःची टीम आली, तेव्हा गँग-गँग नावाच्या इथल्या लाल डोक्याच्या पोपटावरून टीमचं नाव गँग-गँग्स पडलं, आणि पद्मा त्यांच्या फॅन लोकांची आपोआप पुढारी झाली. तिला कुणी निवडलं नव्हतं. तिचा आवाज मोठा होता, एवढंच.

शैलेंद्र तिचा शेजारी. कॉन्ट्रॅक्टवर आयटीत होता, आणि हरलेल्या प्रत्येक मॅचचं पोस्टमॉर्टेम पुढच्या मॅचपर्यंत करत राहायचा. त्याला करायला भरपूर मिळायचं, कारण गँग-गँग्स बहुतेक हरायच्याच. टीमला पास रशर नव्हती. समोरची क्वार्टरबॅक बॉल हातात घेऊन कुणाकडे फेकायचा ते बघत असते आणि तिच्यापुढे तिच्याच दांडग्या मैत्रिणींची भिंत उभी असते. ती भिंत फोडून, बॉल सुटायच्या आत तिला आडवं करायचं, हे पास रशरचं काम. गुंगालिनच्या विरुद्ध खेळताना क्वार्टरबॅकला इतका निवांत वेळ मिळायचा, की शैलेंद्र म्हणायचा, तिला एक खुर्ची नेऊन द्या.

आणि मयूरा लीगमधली सगळ्यात चांगली पास रशर होती. ते सगळ्यांना माहीत होतं. बाकीचंही सगळ्यांना माहीत होतं.

गेल्या सीझनमध्ये सिडनीच्या तिच्या क्लबकडून खेळताना तिच्या डोक्याला मार लागला. चक्कर येतेय असं तिने सांगितलं, तरी कोचने तिला परत आत पाठवलं. मॅच संपल्यावर चेंजिंग रूममध्ये तिला उलट्या झाल्या. बरी झाल्यावर तिने लीगकडे तक्रार केली, कोच निलंबित झाला, आणि तो क्लब फायनलच्या बाहेर गेला. तेव्हापासून तिला एक शब्द चिकटला होता, डॉबर. इथे शाळेत बाईंना नावं सांगणाऱ्या पोराला जो शब्द चिकटतो आणि मोठेपणीही सुटत नाही, तोच. तिने तो क्लब सोडला, आणि ड्राफ्टमध्ये एकेक क्लब तिचं नाव गाळून पुढे गेला होता.

"आता बघ, सगळी लीग आपल्यामागे लागणार," शैलेंद्र म्हणाला.

"आत्तापर्यंत कोण बघत होतं आपल्याकडे? मागे तरी लागू देत."

दोन दिवसांनी नचिकेतचा फोन आला. तो क्लबचा सेक्रेटरी. पोरगा चांगला होता, पण कुणालाही दुखवायचं नाही या काळजीने कायम दमलेला असायचा.

"पद्माताई, यंदाच्या वेलकम बार्बेक्यूबद्दल बोलायचं होतं. बाकीच्या मुलींचं नेहमीसारखं करू. मयूराचं जरा लो-की ठेवायचं, असं कमिटीचं म्हणणं आहे."

"लो-की म्हणजे?"

"म्हणजे तिचं नाव पुकारायचं नाही. फोटो नको. आपला स्पॉन्सर त्या कोचचा जुना मित्र आहे. तो आधीच नाराज आहे."

"म्हणजे तिने मागच्या दाराने यायचं."

"मी असं नाही म्हणालो."

"मग कसं म्हणालास, परत सांग."

"म्हणजे तिने यायचं, फक्त गाजावाजा नको," नचिकेत म्हणाला.

"नचिकेत, तिने चोरी केलीय का?"

"नाही हो. पण क्लबहाउस वापरायचं तर कमिटीचं ऐकावं लागेल."

"मग ठेवा तुमचं क्लबहाउस," पद्मा म्हणाली. "तिचं स्वागत होणारच. कुठे ते आमचं आम्ही बघू."

कमिटीशी तिचं कधी भांडण झालं नव्हतं. तिने ग्रुपवर मेसेज टाकला, की मयूरा शनिवारी सकाळी सिडनीच्या बसने येतेय, सिटीतून ट्राम घेऊन गुंगालिनला उतरेल. आपण स्टॉपवर असू. ज्यांना यायचं नसेल त्यांनी येऊ नये, कारण विचारणार नाही.

शनिवारी गवतावर पांढरं दव गोठलेलं होतं. पद्माला वाटलं होतं चार-पाच जण येतील. पण तीसेक माणसं ट्रामच्या शेवटच्या स्टॉपवर, तोंडातून वाफा काढत उभी होती. रिटायर्ड प्लंबर बॅरी आपला जुना भोंगा घेऊन आला होता. शैलेंद्रही आला होता, पण हात खिशात घालून, जरा बाजूला.

ट्रामचं दार उघडलं. पाठीवर मोठी सॅक घेतलेली एक उंच, रुंद खांद्यांची मुलगी उतरली. समोर गर्दी बघून ती जागीच थांबली आणि एक पाऊल मागे सरकली. ते बघून पद्माच्या लक्षात आलं. या मुलीला वाटलं होतं, आपल्याला शिव्या द्यायला माणसं आलीत.

पद्मा पुढे झाली. "मयूरा, मी पद्मा. आम्ही गँग-गँग्सची माणसं आहोत. ये."

"पण क्लबचा मेसेज होता, काही नसणार म्हणून."

"क्लबचं नाहीच आहे हे. आमचं आहे."

बॅरीने भोंगा वाजवला आणि तीस जणांनी तिचं नाव घेतलं. उच्चार प्रत्येकाचा वेगळा होता, आवाज मात्र एकदम निघाला. पलीकडच्या कॅफेतली माणसं काचेपाशी येऊन बघायला लागली. पद्माने तिच्या गळ्यात मफलर घातला. मयूराने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"काकू, माझ्याबद्दल सगळं माहितीये ना तुम्हाला?"

"माहितीये म्हणूनच आलोय."

"मग एक आधीच सांगते." ती आता सगळ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत बोलायला लागली. "परत डोक्याला लागलं, तर मी परत बाहेर जाईन. मॅच कुठलीही असू दे. नंतर कुणी म्हणायला नको की सांगितलं नव्हतं."

शैलेंद्र आपल्या बुटांकडे बघत होता.

"जा की," पद्मा म्हणाली. "आम्ही इथेच असू."

त्या सकाळचा व्हिडिओ बॅरीच्या नातीने टाकला आणि तो लीगभर फिरला. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं, ते पद्माने एकदा वाचलं आणि परत उघडलं नाही. कमिटीने फॅन लोकांची बेंचमागची जागा काढून घेतली. भोंग्यावर बंदी आली, बॅनरवरही. "कार पार्कजवळच्या कुंपणाशी उभं राहायला हरकत नाही," असं नचिकेतने कळवलं, आणि खाली स्वतःहून "सॉरी" लिहिलं.

पहिलीच मॅच होती मयूराच्या जुन्या क्लबशी. ते लोक सिडनीहून बस भरून आले होते आणि गुंगालिनवाल्यांची नेहमीची जागा त्यांनाच मिळाली होती. मयूरा मैदानात आली तसा तिकडून एका सुरात आवाज आला, "डॉबर, डॉबर." ते ठरवून, ताल धरून ओरडत होते.

"आपण काय ओरडायचं?" बॅरीने विचारलं.

"तिचं नाव," पद्मा म्हणाली. "दुसरं काही नाही. त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही."

आणि ते कुंपणाला छाती टेकून तिचं नाव घेत राहिले. भोंगा नव्हता, पण घसा होता. मयूरा खेळलीही तशीच. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तिने समोरच्या धिप्पाड मुलीला एका खांद्याने वळवलं, आतून वाट काढली, आणि क्वार्टरबॅकने हात मागे नेला तेवढ्यात तिच्या कमरेला मिठी घालून तिला चिखलात बसवलं. शैलेंद्रने अनोळखी माणसाला मिठी मारली. तिकडचा ताल तुटला, परत सुरू झाला, पण आता त्यात जोर नव्हता. गँग-गँग्स पुढे होत्या. या क्लबविरुद्ध त्या आजवर कधीच पुढे नव्हत्या.

शेवटचा क्वार्टर निम्मा सरला असेल. मयूरा परत घुसली आणि बाजूने आलेल्या मुलीचं हेल्मेट तिच्या कानापाशी आदळलं. तो आवाज कुंपणापर्यंत आला. ती पडली, उठली, दोन पावलं चालली. मग तिने एक हात हेल्मेटवर ठेवला, दुसऱ्या हाताने बेंचकडे खूण केली, आणि स्वतःहून बाहेर चालायला लागली.

समोरून हसण्याची लाट आली. कुणीतरी रडण्याचा आवाज काढला.

"थोडाच वेळ राहिला होता," शैलेंद्र पुटपुटला. "तेवढा काढला असता तर जिंकलो होतो."

खरं सांगायचं तर पद्माच्याही मनात तेच आलं होतं. इतक्या वर्षांत या क्लबविरुद्ध पहिल्यांदा हातात आलेली मॅच, आणि ती बेंचकडे चालली होती. पद्माला त्या विचाराची लाज वाटली आणि त्या लाजेचा राग आला.

"तिने आधीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "आपण हो म्हणालो होतो. स्टॉपवर मफलर घालणं सोपं होतं, शैलेंद्र. स्वागत करायचं असेल तर ते आत्ता."

तिने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. लोकरी हातमोज्यांमुळे आवाजच येईना. तिने हातमोजे काढून खिशात कोंबले आणि गारठलेल्या तळव्यांनी परत सुरू केलं. बॅरी तिच्या जोडीला आला, मग त्याची नात, मग सगळं कुंपण. मयूरा बेंचवर बसली होती आणि डॉक्टर तिच्या डोळ्यांत टॉर्च मारत होते. तिने मान वळवायचा प्रयत्न केला, तशी डॉक्टरांनी तिची हनुवटी धरून सरळ केली. शैलेंद्र सगळ्यात शेवटी हलला. पण हलला तो कुंपणाच्या आडव्या दांडीवर चढला, आणि लटकत, एकटाच, तिचं नाव घेऊन असा ओरडला, की पंचांनी वळून पाहिलं.

मग व्हायचं तेच झालं. समोरच्या क्वार्टरबॅकला परत निवांत वेळ मिळाला, तिने दोन लांब पास टाकले आणि गँग-गँग्स थोडक्यात हरल्या. तिकडे जल्लोष झाला. इकडे कुणी गाडीकडे गेलं नाही. टीम आत जाईपर्यंत सगळे कुंपणाशी उभे होते.

सोमवारी संध्याकाळी कमिटीची मीटिंग होती. फॅन ग्रुपला ग्राउंडबंदी करावी, असा ठराव होता. मीटिंग सभासदांना खुली असते, हे नचिकेतनेच पद्माला फोन करून सांगितलं होतं. फॅन ग्रुपचे इतके जण आले, की खुर्च्या संपून माणसं भिंतीला टेकून उभी राहिली.

अध्यक्ष समजुतीने बोलले. "पद्मा, परवानगी नसताना तुम्ही स्वागत केलंत, त्याबद्दल सॉरी म्हणा. विषय इथेच मिटवू."

"सॉरी नाही," पद्मा म्हणाली. "आपण तिला ड्राफ्टमध्ये घेतलं ते तिचे खांदे बघून. डोकं तिचं आहे आणि ते तिने सांभाळलं. पुढच्या वर्षी जी येईल, तिलाही ट्राम स्टॉपवर असंच घ्यायला जाणार. तुम्ही बंदी घातलीत तरी स्टॉप क्लबच्या मालकीचा नाही."

मागून कुणीतरी हसलं. कमिटीतले हात वर झाले ते समसमान, तेव्हा सगळ्यांनी उरलेल्या नचिकेतकडे पाहिलं. त्याने ठरावाच्या विरुद्ध हात वर केला. ठराव पडला. दोनच दिवसांत स्पॉन्सरने अंग काढून घेतलं, आणि पुढच्या मॅचला टीम उतरली ती छातीवर कुणाचंही नाव नसलेल्या कोऱ्या जर्सीत.

मयूराला डॉक्टरांनी काही आठवडे विश्रांती सांगितली होती. गोंगाटापासून दूर राहायचं, असंही बजावलं होतं. तरी पद्माला ती ग्राउंडवर दिसली, कानटोपी ओढून, कार पार्कच्या पार पलीकडच्या टोकाला.

पद्मा चालत तिच्यापर्यंत गेली. "तुला घरी राहायला सांगितलंय ना?"

"गोंगाटापासून लांब राहायला सांगितलंय," मयूरा म्हणाली. "लांबच उभी आहे."

पद्मा कुंपणाशी परत आली. शैलेंद्रने तिकडे मान करून विचारलं, "आज जरा हळू ओरडायचं का?"

"ती आपल्या आवाजाच्या हिशोबानेच लांब उभी राहिलीय," पद्मा म्हणाली. "तू कशाला हळू ओरडतोस?"