ओर्लिंडाचे एकशे पंचेचाळीस क्रेडिट

आज शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत फी भरली नाही तर वर्गातून नाव कमी होणार, एवढं ओर्लिंडाला पक्कं ठाऊक होतं. बाकी सगळा गोंधळच. एका विषयाचं बिल साडेतेराशे डॉलरचं, पर्समध्ये कसेबसे आठशे, आणि बटाट्याच्या शेडमध्ये माल संपत आल्यामुळे जादा काम बंद. आता नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर सोडायचं, नाहीतर लेकीच्या वाट्याला हात लावायचा. बाईनं सोडायचं ठरवलं. कुणाला विचारायचं नाही, सांगायचं नाही, आपलं आपण ठरवून मोकळं!

कॉलेजच्या फीच्या खिडकीत एलॉय होता, तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. आमच्या या डोंगरांमधल्या छोट्या व्हॅलीत कुठल्याही खिडकीत डोकावा, आत आपलाच कुणीतरी निघतो. ओर्लिंडाच्या मागे तिची पंधरा वर्षांची लेक लिअँड्रा, कानात गाणी लावून, कंटाळलेलं तोंड करून उभी.

"या वहिनी! रिकाम्या हाती? बटाटे कुठायत?"

"थट्टा नको रे. माझं नाव काढून टाक."

एलॉयनं कॉम्प्युटरवर तिची माहिती उघडली आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "अहो, मार्क तर झकास आहेत. आणि हे काय? राज्याच्या मदतीचा अर्ज केलात, तो मंजूर झाला, आणि टर्म आली की 'वापरायची नाही' म्हणून कळवलंत?"

"कळवलं. मुद्दाम कळवलं."

"मुद्दाम? वहिनी, राज्य आपल्या इथल्या विद्यार्थ्यांना दर क्रेडिटमागे, म्हणजे विषयाच्या आठवड्यातल्या दर तासामागे, पैसे देतं. हातात नाही देत, थेट कॉलेजला देतं, आणि तेवढे तुमच्या बिलातून वजा होतात. फक्त दर टर्मला तुम्ही हो म्हणायचं. या साडेतेराशेचे पावणेआठशे होतील!"

"ते कळतं रे मला, मी काय कुक्कुलं बाळ आहे? पण आयुष्यभरात एकशे पंचेचाळीस क्रेडिटपुरतेच ना? ते मीच खाऊन बसले तर लिअँड्रानं काय करायचं?"

ओर्लिंडाच्या डोक्यात हिशेब सरळ होता. पाटाच्या पाण्याचा वाटा घराण्याचा असतो. आजोबांचा वडिलांकडे आला, वडिलांचा तिच्याकडे. एका कोरड्या साली वडिलांनी स्वतःचं गवत वाळू दिलं आणि आपलं पाणी भावाच्या शेतात सोडलं. वाटा जपायचा, पुढच्यांना द्यायचा, हेच ती बघत आली होती. सरकारनं दिलेला वाटा तरी निराळा कसा असेल? म्हणून दोन टर्म तिनं एकेकच विषय घेऊन पुरी फी भरली, शनिवार-रविवार शेडमधल्या सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहून सडके बटाटे निवडत.

"वहिनी, हे पाटाचं पाणी नव्हे हो," एलॉय म्हणाला. "लिअँड्राचे तिला वेगळे मिळतील. पुरे एकशे पंचेचाळीस."

"आणि माझे उरलेले?"

"ते तुमचेच."

"तिला नाही देता येत?"

"नाही."

"नवऱ्याला?"

"नाही."

"बरं, भाचीला? ती हुशार आहे रे."

"वहिनी! कुणालाच नाही. वापरले तर तुमचे, नाही वापरले तर वाया."

"हे रे काय! माझे आहेत म्हणतोस आणि मला देता येत नाहीत. मग ते माझे कसले?" ओर्लिंडाला खरंच कळेना. "आणि मागच्या दोन टर्मचे जास्तीचे पैसे?"

एलॉयनं मान खाली घातली. "त्या टर्म बंद झाल्या. ते गेले."

लिअँड्रानं केव्हाच कानातलं काढलं होतं. "आई, तू माझ्यासाठी शनिवार-रविवार...? अगं, कॉलेजला जायचं की नाही हे मी अजून ठरवलंसुद्धा नाही! मला विचारायचंस तरी!" ती ओरडली आणि तिचे डोळे भरून आले. ओर्लिंडाला आधी लेकीचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग भयंकर लाज वाटली. ती बिल उलटसुलट करत राहिली.

"पावणेपाच झाले," एलॉय हळूच म्हणाला आणि कॉम्प्युटर तिच्याकडे फिरवला. "नाव काढू, की हो म्हणताय?"

"आणि वापरून संपले तर?"

"संपवायचेच असतात वहिनी."

तिनं लेकीकडे पाहिलं. लेकीनं मान डोलावली. ओर्लिंडानं 'हो'वर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललंच नाही. आयुष्यात तिच्या एकटीचं, कुणाला देऊन टाकता न येणारं, असं पहिल्यांदाच काही मिळालं होतं, आणि त्याचं काय करायचं असतं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"एलॉय," ती दबकतच म्हणाली, "एका टर्मला दोन विषय घेता येतात का रे?"