फिरकीच्या तांब्यातली मार्गारिटा

मी सव्वीस वर्षं फौजेत काढली आणि त्यातली चोवीस ऑफिसर मेसच्या बारमागे. हे असं सरळ मी आज पहिल्यांदाच सांगतोय. रहिमतपुरात कुणी विचारलं की मी म्हणायचो, "बॉर्डरवर व्हतो." तसं ते खोटं नव्हतं, मेस बॉर्डरजवळच होती. फक्त माझ्या हातात बंदुकीऐवजी ट्रे असायचा, तेवढं मी गाळायचो. आमच्या भागात घरटी एक फौजी. कुणी टेकडी राखलेली, कुणी बर्फात बोटं गमावलेली. त्यांच्या घोळक्यात बसून मी काय सांगणार, की कर्नलसाहेबांच्या बाईंना लिंबू जरा जास्त लागायचं?

बायकोलाही, म्हणजे रंगूबाईलाही, मी तेच सांगितलं होतं. लग्नाला यंदा पस्तीस वर्षं झाली.

तर घरात ही एक झाकपाक होतीच. तीन वर्षांपूर्वी दुसरी आली. आमची एकुलती लेक शिवांजली शिकून सांगलीकडच्या एका वायनरीत लागली. द्राक्षं तपासायची, रस आंबवायचा, टाक्यांवर नजर ठेवायची, सगळं ती बघते. रंगूबाईने मात्र शिवारभर सांगून टाकलं की पोरगी द्राक्षाच्या रसाच्या कारखान्यात आहे. स्थळांना द्यायच्या कागदावरही तिने रसच लिहायला लावला. शेजारच्या मळ्यातली मनुबाई दर उन्हाळ्यात म्हणायची, "शिवाला म्हनावं, रसाची एक बाटली आन की आमास्नी." मग रंगूबाई बाजारातून सरबताची बाटली आणायची, तिच्यावरचा कागद भिजवून काढायची आणि मनुबाईला नेऊन द्यायची. मला हसू यायचं. शिवाला यायचं नाही. ती घरी आली की उसाचं बोलायची, म्हशीचं बोलायची, कामाचं नाव काढायची नाही.

गेल्या महिन्यात तिचा मला फोन आला.

"आप्पा, ह्या वर्षीची रेड वाईन पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत माझी आहे. रविवारी घेऊन येते. आईनं एक घोट घ्यावा, बास. नाही आवडली तरी चालेल. पण नुसतं तोंड फिरवलं ना, तर ह्यापुढं मी त्या घरात कामाचा विषयच काढणार नाही."

शेवटी तिचा आवाज कापला. फोन ठेवला आणि मला कशात लक्ष लागेना. पाणी पाजायला गेलो तर एकाच सरीत तासभर पाणी सोडून बसलो.

एक घोट. पण नुसती रेड वाईन पहिल्यांदा पिणारा माणूस हमखास तोंड वाकडं करतो. जीभ कोरडी पडते, हिरडा चघळल्यासारखी. मेसमध्ये नव्याने लग्न होऊन आलेल्या बायका पार्टीत ग्लास हातात घ्यायच्या आणि कुणाचं लक्ष नसलं की कुंडीत ओतायच्या. झाडं मरायला लागली तेव्हा मी त्यांच्यासाठी एक तोड काढली. टकिला, संत्र्याची दारू आणि लिंबू बर्फात हलवून मार्गारिटा करायची आणि तिच्यावर अलगद रेड वाईनचा थर सोडायचा. वर लाल, खाली आंबटगोड. त्यानंतर एकही झाड मेलं नाही.

रंगूबाईच्या गळ्याखाली उतरेल असा हाच एक रस्ता मला दिसत होता. पण ती करायची म्हटलं की माझे हात सगळं सांगून टाकणार होते. दोन दिवस मी स्वतःशीच चरफडलो. पस्तीस वर्षं सांभाळलेली अब्रू एका ग्लासापायी घालवायची? मग शिवाचा तो आवाज आठवायचा. तिसऱ्या दिवशी मी तिला फोन केला.

"येताना टकिलाची बारकी बाटली आन. बाकी माझं मी बघतो."

"आप्पा, तुम्हाला काय येतंय त्यातलं?"

"आन म्हनतो न्हवं!"

रविवारी सकाळच्या गाडीने ती सांगलीहून आली. स्टेशनवरून मोटारसायकलवर घरी आलो तर पिशवीतल्या बाटल्यांचा आवाज रंगूबाईने दारातच ओळखला.

"माझ्या सैपाकघरात ह्ये काय चालायचं न्हाई," ती म्हणाली आणि सुपात सोलायचा लसूण घेऊन आत जाऊन बसली. शिवाने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

मी बाहेरच्या सोप्यातल्या टेबलावर मांडामांड केली. दारच्या झाडाची लिंबं तोडून आणली. संत्र्याची दारू इथे कुठली मिळायला, म्हणून दोन संत्री पिळून त्यात पिठीसाखर घातली. हलवायला झाकणाचं भांडं हवं होतं. फडताळात फिरकीचा तांब्या दिसला, तोच उचलला. दोन वाटे टकिला, एक वाटा संत्रं, एक वाटा लिंबू, मूठभर बर्फ. फिरकी आवळली आणि तांब्या खांद्याजवळ धरून हलवायला लागलो. मनगटं काही विसरली नव्हती. बर्फाचा तो खळखळाट कानावर पडला आणि मला एकदम फार बरं वाटलं. शिवा तोंड उघडं टाकून बघत होती.

आवाज ऐकून रंगूबाई सूप घेऊन उंबऱ्यात आली.

"आवं, त्यो माझा तुळजापूरचा तांब्या हाय!"

"घासून देतो राखंनं."

ती काही परत आत गेली नाही. उंबऱ्यातच बसून लसूण सोलायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्ये पान्यावानी काय वतलं?"

"टकिला. घायपातापास्नं करत्यात."

"माझ्या माहेरी जतकडं बांधाला असतंय त्ये घायपात?"

"त्याचाच परदेशातला भाऊ म्हन."

तिचे हात थांबले. "माझा बा त्येची दावी वळायचा. तळहात सोलून निघायचं त्येचं. त्येची दारू बी हुती व्हय?" आणि ती सूप घेऊन चांगली हातभर पुढे सरकली.

मी ग्लासाच्या कडेवर लिंबाची फोड फिरवली, ताटलीत पसरलेल्या मिठावर ग्लास पालथा टेकवला. तांब्यातलं गाळून ओतलं. मग चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून शिवाची वाईन थेंबाथेंबाने सोडली. लाल थर वर तरंगत राहिला. शिवा वाकून त्या थराकडे बघत होती. मीही.

मी ग्लास उचलून रंगूबाईसमोर धरला. ती झटकन मागे झाली.

संपलं, मला वाटलं. शिवाने मान खाली घातली.

"आवं, मीठ लागलंय न्हवं त्येला!" रंगूबाई म्हणाली. "मीठ हातात देत्यात का कुनाच्या? भांडान हुतंय. ठिवा कशात तरी, मग घेते."

घेते म्हणाली! मी धावत आत गेलो आणि स्टीलचं ताट घेऊन आलो. त्यात ग्लास ठेवला. आणि मग काय झालं ते माझं मलाच कळलं नाही. ताट हातावर आलं, तशी पाठ ताठ झाली. खांद्यावरचा पंचा आपोआप घडी होऊन डाव्या हातावर गेला. मी तिच्या उजव्या अंगाला जाऊन उभा राहिलो, कमरेत लवलो आणि म्हणालो, "मॅडम, युवर ड्रिंक."

शब्द तोंडातून गेले आणि मगच मला ऐकू आले. कान तापले माझे.

रंगूबाईने माझ्याकडे नीट पाहिलं. मग लसणाचा हात पदराला पुसला, ताटातला ग्लास उचलला आणि एक घोट घेतला. डोळे बारीक केले. तोंड वाकडं व्हायची मी वाट बघत होतो. तिने दुसरा घोट घेतला.

"तुरट हाय. जांभळावानी. मागनं आंबट येतंय." ग्लास तिने उजेडाकडे धरला. "शिवा, ह्ये वरचं लाल तुझं?"

"व्हय."

"रंग चांगला धरलाय गं पोरी."

शिवाला रडू फुटलं. रडता रडता ती हसत होती आणि कुठल्या द्राक्षाला असा रंग येतो, साली किती दिवस ठेवल्या, सगळं एका दमात आईला सांगत होती. रंगूबाई हं हं करत एकेक घोट घेत होती. एवढं बोलताना मी पोरीला तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. माझा मात्र जीव टांगणीला लागला होता. ताट हातात तसंच.

"रंगू," मी म्हणालो, "मी बॉर्डरवर म्हनायचो ना, त्ये..."

"ठावं हाय मला."

"काय ठावं हाय?"

"तुमी सुट्टीवर आला की ट्रंक कोन उघडायचं? मीच की. त्यात पांढरं हातमोजं असायचं. बॉर्डरवर पांढरं हातमोजं कशाला लागत्यात? आन् ट्रंकंला बंदुकीच्या त्येलाचा वास कवाच आला न्हाई. लिंबाचा यायचा."

मी ताट खाली ठेवलं. "मग बोलली न्हाईस ती कवा?"

"तुमी लोकांत सांगायचा तवा लय खूश दिसायचा. कशाला मोडू?" तिने ग्लासाच्या कडेचं मीठ बोटाने पुसून चाटलं. "नवऱ्याचं काम झाकायची सवय लागली. मग पोरीचं बी झाकलं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तरी मला ते लागलं. तीन वर्षं मी मनातल्या मनात बायकोला नावं ठेवत होतो. लाज या घरात आणली होती मीच, आणि तीही ट्रंकेत घालून, दर सुट्टीला.

तेवढ्यात बांधावरून हाक आली. मनुबाई. "रंगूऽ, शिवा आली जनू! रसाची बाटली आनली का न्हाई गं?"

शिवाने आणि मी रंगूबाईकडे पाहिलं. ती ग्लास घेऊन उठली, अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि पलीकडचा मळाही ऐकेल अशा आवाजात ओरडली, "रस न्हाई गं मनुबाई, वाईन हाय! माझी लेक करती कारखान्यात. आन् कालवून आमच्या ह्यांनी दिलीया. फौजंत सायबांस्नी द्यायचं त्ये!"

मग मनुबाईचा आवाज आला, "मग आदूगर दिलंस त्ये काय व्हतं गं?"

"सरबत!"

"तरीच गं बाई!" मनुबाई म्हणाली आणि चपला हातात घेऊन सरीतून आमच्या घराकडे यायला निघाली.

मी आत गेलो. अजून एक लिंबू चिरलं आणि फिरकीच्या तांब्यात बर्फ टाकला.