प्रत्येक मुक्कामाला एक नाव

थॉमस साळवे मास्तरांनी नगरच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, आणि त्या तीस वर्षांत ते स्वतः सोलापूरच्या पलीकडे कधी गेले नाहीत. सोलापूरलाही मेव्हण्याच्या लग्नापुरते गेले आणि परत आल्यावर आठवडाभर ताकभातावर राहिले. पण खडू न उचलता एका दमात अख्खी आफ्रिका काढावी, तर ती साळवे मास्तरांनीच.

अशा माणसाकडे बहात्तरच्या उन्हाळ्यात त्यांचा जुना विद्यार्थी श्रीमंत आला आणि म्हणाला, "सर, मला पृथ्वीभोवती धावायचंय. रस्ता तुम्ही आखून द्या."

श्रीमंत केडगावचा. पलटणीत होता, तिथल्या लांबच्या शर्यतींत पहिला यायचा. आदल्या वर्षीच्या लढाईत त्याच्या रणगाड्यात चौघं होते. तिघं तिथंच राहिले, श्रीमंत आपल्या दोन्ही पायांनी चालत बाहेर आला.

"हे पाय मला का राहू दिले ते ठाऊक नाही, सर," तो म्हणाला. "पण ओट्यावर पसरून बसायला नक्कीच नाही. मला धावण्याशिवाय काही येत नाही. उपकार मानायचे तर धावूनच मानीन म्हणतो."

 मास्तर उठले, भिंतीवरचा जगाचा नकाशा काढला आणि घरात जमिनीवर अंथरला. तो पुढं दहा महिने उचलला गेला नाही. त्यांच्या बायकोला, मरियाबाईंना, चुलीपाशी जायचं तर अरबी समुद्र ओलांडून जावं लागे.

पाकिस्तानातून वाट मिळणं शक्य नव्हतं. तेव्हा मुंबईपर्यंत धावायचं, तिथून बोटीनं इराणचं बंदर अब्बास गाठायचं आणि तिथून पुन्हा पाय, असं ठरलं. मास्तरांनी नकाशावर दोरा लावून रोजचे पंचवीस-तीस मैल मोजले आणि महिनाभरात जग गुंडाळून टाकलं. स्वतःवर इतके खूश झाले की तो दोरा घेऊन केडगावला श्रीमंतच्या आईकडे गेले.

गोजरबाईनं सगळं जग शांतपणे ऐकून घेतलं. मग एकच विचारलं. "मुक्कामाला कोन?"

"म्हणजे?"

"म्हंजी रातच्याला ह्यो कुनाच्या दारात पडनार? भाकर कोन देनार? नाव सांगा."

तिचंही खरं होतं. वीस वर्षांपूर्वी, अशाच एका कोरड्या साली, तिचा नवरा भिमाजी बैलजोडी घेऊन चाऱ्यासाठी गोदावरीकडे निघाला होता. वाटेत त्याला ताप भरला आणि कुठल्याशा गावाबाहेर, ओळखीचं कुणी नसलेल्या जागी, झाडाखालीच त्यानं प्राण सोडला. बातमी यायला पंधरा दिवस लागले. तेव्हापासून गोजरबाईचं एकच म्हणणं होतं, की मरण कुठंही येतं, पण माणूस बिनओळखीच्या गावात मरतो तो पाण्यावाचून मरतो.

"एकेका मुक्कामाला एकेक नाव द्या, मास्तर," ती म्हणाली. "मंग खुशाल जाऊ द्या."

आणि श्रीमंत म्हणाला, "आईनं नको म्हटलं तर मी जाणार नाही, सर."

झालं, दोरा बाजूला राहिला आणि माणसं शोधणं सुरू झालं. सुरुवातीलाच श्रीमंतची पुणतांब्याची मावशी, छबूबाई, रुसून बसली. पोर साऱ्या जगाला भेटणार आणि मावशीला नाही? म्हणून पुण्यावरून सरळ मुंबईला जायचं सोडून जगप्रदक्षिणा भलत्याच दिशेनं, उत्तरेला निघाली. मग राहुरीचा पलटणीतला दोस्त मागे कसा राहील? राहात्याच्या चुलतबहिणीनं काय पाप केलं होतं? अख्ख्या जगाला फेरी मारायला निघालेला गडी आठ दिवस नगर जिल्ह्यातच फिरणार, हे पाहून मास्तरांनी कपाळाला हात लावला.

जिल्ह्याबाहेर मात्र खरा कस होता. मास्तर रोज संध्याकाळी विमानाची निळी पत्रं लिहायला बसत. कॅम्पातल्या इराणी हॉटेलवाल्याचे चुलते इराणातल्या यझ्दला होते, मिळाले. नगरच्या दवाखान्यात शिकलेली कृपा नर्स आता इंग्लंडात होती, मिळाली. पूर्वी शाळेत शिकवून गेलेल्या म्हाताऱ्या मिसबाई अमेरिकेत होत्या. त्यांनी एका घराच्या बदली अकरा घरं दिली. कृपाच्या शेजारणीच्या ओळखीचा एक पाववाला ग्रीसमध्ये होता. त्यानं कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतलं होतं, "मी या माणसाला ओळखत नाही. पण पाव मी रोजच भाजतो. येऊ द्या."

ते पत्र मास्तरांनी तीनदा वाचलं आणि चष्मा पुसला. गावात पाण्याची ओरड होती, लोक दुष्काळी कामावर खडी फोडत होते, तिथंच मिळणारी सुकडी खाऊन दिवस काढत होते, आणि मास्तरांच्या दारात मात्र रोज पत्रातून कुणी ना कुणी मदतीचा हात पुढं करत होतं. रविवारी ख्रिस्ती देवळात त्यांनी पाववाल्यासाठी प्रार्थना केली, मिसबाईंसाठी केली, आणि उन्हातून पत्रं आणणाऱ्या पोस्टमनलाही त्यात घेतलं. इतकं आपल्याला का मिळतंय, हे त्यांना कळत नव्हतं. ते फक्त मनापासून आभार मानत होते.

प्रत्येक नाव केडगावला पोचतं व्हायचं. गोजरबाई विचारायची, काय करतो, बायकापोरं किती. एकदा ऐकलेलं ती विसरत नसे. ग्रीसच्या पाववाल्याला दोन मुली आहेत हे मास्तरांना कागद बघून सांगावं लागे, तिला नाही.

त्र्याहत्तरचा फेब्रुवारी संपत आला. निघायला बारा दिवस राहिले. श्रीमंत तिकिटासाठी मुंबईला गेला होता. सगळे मुक्काम भरले होते, एक सोडून. बंदर अब्बास आणि यझ्दच्या मधल्या वाळवंटात एक वस्ती होती. इराण्यानं पुष्कळ खटपट केली, पण तिथं कुणाचं कुणी नव्हतं.

शेवटी मास्तरांनी त्या जागी लिहिलं, 'हसन अली'.

मरियाबाईंनी ते पाहिलं. "हा कोण?"

"आहे एक."

तीस वर्षांच्या संसारात त्या बाईला नवऱ्याचा आवाज कळत होता. "आज रविवार आहे, प्रभूचा दिवस," एवढंच म्हणून त्या अरबी समुद्र ओलांडून चुलीकडे गेल्या.

मास्तर तसेच सायकल काढून केडगावला निघाले. गोजरबाईच्या घरासमोर पुणे रस्त्याला धान्याचा एक ट्रक स्प्रिंगचा पाटा तुटून उभा होता. क्लीनर नवा पाटा आणायला गेला होता, आणि ड्रायव्हर, एक तरणा सरदारजी, दोन दिवसांपासून हिच्या अंगणात होता. गोजरबाईनं त्याच्यापुढं रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि मिरचीचा ठेचा ठेवला होता. पाणी टँकरचं, घराला दिवसाला दोन कळश्या. त्यातला एक तांब्या त्याच्या हाताशी होता.

मास्तर ओट्यावर बसले आणि मुक्कामांचा कागद वाचू लागले. वाळवंटाशी आल्यावर त्यांनी नजर वर न करता वाचलं, "हसन अली."

"घावला व्हय!" गोजरबाईचं तोंड उजळलं. "काय करतो?"

"विहीर राखतो." एक खोटं बोललं की दुसरं आपोआप येतं.

"पोरं?"

"तीन."

"धाकटं केवढं हाय?"

"असेल वर्षाचं."

गोजरबाई उठून आत गेली आणि एक जुनेर घेऊन आली. फुलाफुलांचं, धुऊन मऊ झालेलं. "ह्याची कुंची शिवते. शिरमंतच्या हाती धाडू. वाळवंटात ऊन लई असंल, लेकराच्या डोक्याला बरी पडंल."

तिनं सुईत दोरा ओवायला घेतला आणि मास्तरांना पुढं बसवेना. नसलेल्या पोराच्या डोक्याचं माप ती आपल्या मुठीवर धरून बघत होती.

"गोजरबाई, शिवू नका," ते म्हणाले. "तिथं कुणी नाही. ते नाव मी मनानं लिहिलं. मला माफ करा."

सुई थांबली. 

"नऊ म्हैने मी तुमच्यावर इस्वास ठिवला, मास्तर," गोजरबाई म्हणाली. "न्हाई जायाचा ह्यो. सांगा त्याला."

मास्तरांनी मान खाली घातली.  तेवढ्यात रस्त्यावर क्लीनरची हाक आली, पाटा मिळाला होता. सरदारजी धावत गेला. दोघांनी खाली शिरून ठोकाठोक केली, आणि तासाभरानं तो काळ्या हातांनीच निरोप घ्यायला आला. गोजरबाईच्या पायाशी वाकला आणि मास्तरांकडे बघून हिंदीत काही बोलला.

"काय म्हनतो?"

"तुमचं नाव विचारतोय. घरी गेल्यावर आईला सांगायचंय म्हणतो, कुणी जेवू घातलं ते."

"आता इचारतोय?" गोजरबाईला हसू आलं. "दोन दिस माझ्या घरी खाल्लं. त्यानं इचारलं न्हाई, अन् मी बी न्हाई. गोजरबाई म्हनावं."

"गोजरबाई," सरदारजीनं दोनदा घोकलं आणि तो गेला. ट्रक वळणाआड जाईपर्यंत ती ओट्यावर उभी होती. मग ती एकदम खाली बसली.

"मास्तर, आमचं बैल परत आलं हुतं."

"कुठले बैल?"

"हे गेलं तवाचं. एक मानूस आला, दावणीला बैल बांधलं, ह्यांचं मुंडासं उंबऱ्यावर ठिवलं अन् पानी बी न पिता गेला. मी त्याच्याकडं बघितलं सुदिक न्हाई. असल्या साली बैल ठिवून घेतलं असतं तर कोन इचारनार हुतं?" तिनं उंबऱ्याकडं पाहिलं. "अन् केडगाव, गोजरबाईचं घर, हे त्याला कुनी सांगितलं? ह्यांनीच सांगितलं असनार. म्हंजी कुनीतरी जवळ बसलं हुतं, मास्तर. ह्यांचं बोलनं ऐकत बसलं हुतं. पानी दिलं असंल त्यानं. वीस वरसं मी म्हनत आले, पान्यावाचून गेलं म्हनून."

ती रडली. मास्तरही रडले. त्यांनी ते लपवलं नाही.

काही वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं. "कागद हाय का? ल्ह्या. त्या वाळवंटातल्या वस्तीला."

"कुणाला लिहू?"

"ल्ह्या तर खरं. माझ्या पोराला तू भाकर दिलीस, पानी दिलंस, रातच्याला जागा दिलीस. तुझं उपकार मी इसरनार न्हाई. तुझ्या लेकराबाळांचं भलं होवो."

मास्तर लिहिता लिहिता थांबले. "पण अजून कुणी दिलंच नाही, गोजरबाई."

"देनार की. एकाचं उपकार मानायचं ऱ्हाऊन गेलं, वीस वरसं झाली. ह्याचं आधीच मानून ठिवते."

"त्यांना मराठी वाचता येणार नाही."

"शिरमंतला येतं नव्हं? त्यो वाचून दाखवील."

मास्तरांनी आयुष्यात लिहिलं नसेल इतक्या चांगल्या अक्षरात ते पत्र पुरं केलं. खाली 'गोजरबाई, केडगाव' घातलं. मग पेन पत्राच्या माथ्यावर नेलं आणि तिच्याकडे पाहिलं. "वर नाव?"

"जागा मोकळी ठिवा," गोजरबाई म्हणाली. "जेवला की शिरमंत इचारून भरंल."